डाग दिसताच कळवावे

सकाळी शेड उघडली तीच भांडणानं. हातातल्या डाळिंबावर आहे तो डाग की धूळ, एवढाच प्रश्न होता. पण एका बाजूला रेडिओ आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई असल्यावर प्रश्न एवढासा राहत नाही.

"धूळ आहे हो काकू. पुसली की जाईल."

"पूस मग. साल निघेल, पण तो निघायचा नाही. आम्ही काय कालपासून डाळिंबं बघतोय?"

"कालपासून नाही, पण चष्मा नाही म्हणून म्हटलं."

"दे इकडं," भिंग म्हणाली. तिनं फळ दारातल्या उजेडाकडं धरलं, बोटात एकदा फिरवलं आणि डावीकडच्या क्रेटमध्ये टाकलं. डावीकडं म्हणजे डाग. भांडण मिटलं. भिंगानं निवडलेलं फळ पुन्हा कुणी उचलून बघत नसे.

भिंग ही त्या बागेच्या मालकाची सून. तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त रेशनकार्डाला ठाऊक. टाचणीच्या टोकाएवढा डाग तिला चार हातांवरून दिसायचा, म्हणून शेडमधल्या बायकांनी तिचं भिंग करून टाकलं. तिचा नवरा कात्री. छाटणीची कात्री त्याच्या खिशात कायम असे, जेवताना आणि लग्नाच्या फोटोतसुद्धा. सासरे दारात वजनकाट्याशी बसून क्रेट तोलत, सासूबाई सुनेच्या शेजारी बसून निवडत. आणि रेडिओ ही शेजारची, लग्नाला वर्ष झालेली पोर. तिला एकदा कळलेली गोष्ट गावाला दुसऱ्यांदा सांगावी लागत नसे.

शेडच्या पत्र्यावर एक तक्ता टांगलेला होता. गुळगुळीत कागद, वर डागाळलेल्या डाळिंबाचे सहा रंगीत फोटो, खाली मजकूर. 'डाग दिसताच त्याच दिवशी कळवावे. आपोआप जाईल म्हणून वाट पाहू नये. आपल्या मनाने कारण ठरवू नये. घरगुती उपाय करू नयेत. गळालेले फळ फेकू नये, पिशवीत घालून तपासणीस द्यावे.' तक्ता डॉक्टरनं दिलेला. आमच्याकडं नुसतं डॉक्टर म्हटलं तर तो झाडांचा. जीपमधून फिरतो, पान चोळून वास घेतो, फांदीच्या कानाला लागल्यासारखा उभा राहतो. माणसांच्या डॉक्टरीणबाई पाऊण तासावरच्या दवाखान्यात असतात. त्यांच्याविषयी बोलायचं तर 'माणसांचा डॉक्टर' असं खुलासेवार बोलावं लागतं. तशी वेळ क्वचित येते. माणसाला झालं तर अंगावर काढता येतं. झाड अंगावर काढत नाही.

आठ दिवस आभाळ चिकटून बसलं होतं. पडत नव्हतं आणि उघडतही नव्हतं. वाफ्यातली माती वाळेना, पायाला खेटराच्या तळव्याएवढा चिखलाचा थर लागायचा. अशा हवेत डाळिंबाला डाग धरतो. त्यामुळं कात्रीची झोप उडाली होती. तो उठताबसता पानं उलटी करून बघायचा.

भिंगाला तिसरा महिना लागला होता. घरात चौघांना ठाऊक होतं, बाहेर कुणाला नाही. तीन महिने पुरे होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा सासूबाईंचा हुकूम होता. रेडिओ शेजारी बसत असताना हुकूम रास्तच म्हणायचा.

सोमवारी शेडमागच्या संडासात तिला कपड्यावर ठिपका दिसला. तपकिरी, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तिनं उजेडाकडं धरून बघितला. सवय.

"सासूबाई, डाग दिसतोय," ती क्रेटमागून हळूच म्हणाली.

"एवढासाच ना?"

"एवढासाच."

"होतं तसं. कामात राहा. बसून राहिलं की नाही नाही ते मनात येतं."

मंगळवारी ठिपक्याची टिकली झाली आणि कंबर भरून आली. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. महिनाभर रोज सकाळी होणारी मळमळ त्या दिवशी झालीच नाही. हेही तिनं सांगितलं.

"बघ, बरंच वाटतंय की मग!" सासूबाई म्हणाल्या.

बुधवारी लाल झालं. ओटीपोटात कळ उठायची, मुठीत धरून पिळल्यासारखी, आणि सोडून द्यायची. दहा वाजेपर्यंत कपड्याची घडी भिजली होती. भिंग शेडमध्ये आली. काट्याशी सासरे, रांगेत अकरा बायका, शेजारी कान टवकारून रेडिओ. तिनं फोन काढला आणि भिंतीकडं तोंड करून नवऱ्याला लावला.

"अहो, ऐका. डाग दिसलाय."

पलीकडं कात्री ताडकन उभा राहिला असावा, कारण बादली सांडल्याचा आवाज आला. "कुठं?"

"खाली."

"खालच्या तुकड्यात?"

तिला वाटलं, याच्याही शेजारी कुणी असेल, म्हणून आडून बोलतोय. लग्नाला सहा वर्षं झाली, पण माणूस शहाणा होऊ शकतो. "हां. तसंच समजा."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. सोमवारी तपकिरी होता, आज लाल आहे."

"लाल कसा असेल? पसरलाय?"

"पसरतोय म्हणून तर फोन केला. आणि कळा येतायत."

"कळ्या? आत्ता? मोसम नसताना?"

"त्यात मोसम कसला बघायचा!" ती दबक्या आवाजात ओरडली. "डॉक्टरला घेऊन या लवकर."

"आलोच. तू कशाला हात लावू नको. बसून राहा. आणि कुणाला बोलू नको, शेजारच्या बागवाल्यांना पत्ता लागायला नको."

फोन ठेवून भिंग उपड्या क्रेटवर बसली. पोटात पीळ पडत होता, तरी तिला जरा बरं वाटलं. तिच्यासाठी हा माणूस इतका घाबरलेला तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"काय गं वहिनी, कुणाला डाग?" रेडिओनं विचारलं.

"खालच्या तुकड्यात," भिंग म्हणाली. दुसरं काय सांगणार?

अर्ध्या तासात जीपचा आवाज आला. भिंग पदर सारखा करून उठली. जीप शेडसमोरून गेली ती थांबलीच नाही. उतारावरून सरळ खालच्या तुकड्याकडं वळली. दारातून तिला दिसलं, पुढं कात्री, मागं झाडांचा डॉक्टर, हातात भिंग. खरं भिंग, काचेचं.

आपण फोनवर काय काय बोललो ते तिनं एकदा मनात उलटून पाहिलं. मग तिला हसू आलं. हसताना आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि ती भिंत धरत संडासाकडं गेली.

पुढचा दीड तास दोघं जण खालच्या तुकड्यात झाडामागून झाड बघत होते. डॉक्टर भिंग लावून फळाच्या देठाशी, पाकळ्यांशी, सालीच्या घडीघडीत बघत होता. कात्री वाकून खालची गळ वेचत होता आणि एकेक फळ पिशवीत घालत होता. एवढ्या निगुतीनं कुणी कुणाला तपासलेलं आमच्या गावानं बघितलेलं नाही.

त्या दीड तासात भिंगाच्या चार घड्या भिजल्या. पाचवीला घरातलं जुनं लुगडं फाडावं लागलं. गाठी पडल्या. सासूबाईंनी त्या बादलीभर पाण्यात घालून मागच्या खड्ड्यात ओतल्या आणि वर माती ओढली. "आता मोकळं होईल," त्या म्हणाल्या. भिंगाच्या ओठांचा रंग गेला होता. घाम गार येत होता. "पुन्हा फोन लावते," ती म्हणाली.

"सासरे आहेत दारात. काय बोलणार त्यांच्यासमोर? जरा पड क्रेटांमागं."

ती गोणपाटावर पडली. तिथून पत्र्यावरचा तक्ता बरोबर समोर दिसत होता. सहा वर्षं ती त्याच्यासमोर बसत होती, पण आडवं पडून तिनं तो पहिल्यांदाच वाचला.

बाराच्या सुमाराला डॉक्टर शेडमध्ये आला तो वैतागून. बूट गाऱ्यानं भरलेले, मागं कात्री पिशव्या घेऊन. "तुकडा स्वच्छ आहे. एक डाग नाही. कळ्याही नाहीत. कोणी पाहिला?"

"हिनं पाहिला," कात्री म्हणाला. "हिची नजर चुकत नाही साहेब. अगं, कुठल्या झाडाला होता सांग ना. ही काय झोपायची वेळ आहे?"

भिंग कोपरावर उठली. अकरा बायका, सासरे, सासूबाई, नवरा आणि परका माणूस. "झाडाला नाही," ती म्हणाली. "मला. मला रक्त जातंय. सोमवारपासून. तिसरा महिना आहे."

सासऱ्यांनी छताकडं बघायला सुरुवात केली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कात्रीच्या हातातल्या पिशवीतून एक डाळिंब घरंगळत काट्यापर्यंत गेलं, ते उचलायला कुणी वाकलं नाही.

झाडांचा डॉक्टर मुळात लाजाळू. बाईमाणसाशी बोलताना तो बुटांकडं बघायचा. आताही बुटांकडंच बघत म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण झाडाच्या बाबतीत तुम्ही मला तिसऱ्या दिवशी बोलावलं असतंत तर मी शिव्या घातल्या असत्या. जीप दारात लावतो. उचला त्यांना."

"गावातून जायचं म्हणजे लोक विचारतील..." सासूबाई म्हणाल्या.

"सांगा, कलम नेतोय," तो म्हणाला आणि जीप लावायला गेला.

दवाखान्याच्या पायरीवर भिंगाची शुद्ध गेली. तिला सरळ आत नेलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. पोटात काही राहिलं होतं, ते साफ करावं लागलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा चार वाजले होते. पन्नाशीच्या, पायात रबरी चपला, आवाजात कुठंही चढउतार नाही.

"कधीपासून जात होतं?"

"आजच जरा जास्त..." सासूबाई म्हणाल्या.

"सोमवारपासून," कात्री म्हणाला. ते त्यालाही त्या दिवशीच कळलं होतं.

"गाठी पडल्या त्या आणल्यात का?"

सासूबाई भिंतीवरची पाल बघू लागल्या.

"फेकायच्या नसतात. पिशवीत घालून आणायच्या. बघून अंदाज येतो, सगळं पडलंय की काही आत राहिलंय."

"तक्त्यात आहे हे," कात्री पुटपुटला.

"कुठल्या तक्त्यात?"

"डाळिंबाच्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. यालाही एखादी बाटली लावावी काय, असा विचार त्या करत असाव्यात. मग म्हणाल्या, "दिवस राहिल्यावर रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर त्याच दिवशी दाखवायचं. थोडं दिसलं म्हणजे पोट गेलंच असं नाही. पुष्कळदा थांबतं आणि मूल नीट वाढतं. पण कुणाचं थांबणार, ते घरी बसून कळत नाही. आणि घडी तासाभरात भिजायला लागली, गाठी पडल्या, चक्कर आली, ताप भरला, वास यायला लागला, एका कुशीत नाहीतर खांद्यात कळ मारली, तर फोनवर बोलत बसायचं नाही. निघायचं. आणखी तासभर उशीर झाला असता तर मी तुमच्याशी दुसरंच काही बोलत असते."

संध्याकाळी भिंगाला नीट जाग आली. "बाई, शनिवारी मी भरलेला क्रेट उचलला होता. त्यानं झालं का?"

"नाही. बहुतेकींचं बीज धरतानाच चुकलेलं असतं. गादीवर बसून राहिला असतात तरी झालं असतं."

"मग सोमवारी आले असते तर...?"

डॉक्टरीणबाईंनी नाडीवरचा हात काढला नाही. "पोट बहुतेक राहिलं नसतं. तुम्ही मात्र चालत आला असतात आणि चालत गेला असतात."

गावात भिंगाला कावीळ झाल्याचं सांगण्यात आलं. रेडिओ स्वतः शेडमध्ये होती, तिनं कानांनी ऐकलं होतं, तरी सासूबाई तिला कावीळच सांगत होत्या. आणि रेडिओनं ती निमूट ऐकून घेतली, हे त्यातलं मोठं आश्चर्य.

कात्री आठ दिवस बायकोशी धड बोलला नाही. नवव्या दिवशी ओसरीवर कात्रीला धार लावता लावता म्हणाला, "तू फोनवर नीट सांगायचं होतंस."

"नीट म्हणजे कसं?"

"म्हणजे... स्पष्ट."

"स्पष्ट म्हणजे कसं? तुम्ही सांगा. मी फोन केलाय. काय बोलू?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कात्री दगडावर दोनदा घासली. "म्हणजे, ते. तुला जे झालं ते."

"बघा," भिंग म्हणाली, "आणि तुमच्यासमोर तर सासरे पण नाहीत."

सासूबाई चुलीशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मला दोनदा झालं. दुसऱ्या वेळी नऊ दिवस ताप होता. मी केला का कुणाला फोन? दहाव्या दिवशी खुरपं घेऊन शेतात होते." हे त्यांनी बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

महिन्यानं भिंग शेडमध्ये आली. आल्या आल्या तिनं तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि क्रेटवर आकडे घालायच्या खडूनं मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसली. वरची ओळ तीच ठेवली, 'डाग दिसताच त्याच दिवशी कळवावे.' फक्त 'डाग' खोडून तिथं 'रक्त' लिहिलं. खाली डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं, घडीपासून खांद्यातल्या कळीपर्यंत. शेवटी दवाखान्याचा नंबर, आणि त्याच्यापुढं कंसात 'माणसांचा'. मग तक्ता पुन्हा खिळ्यावर टांगला, लिहिलेली बाजू बाहेर.

सासऱ्यांनी काटा सोडला. "शेडमध्ये व्यापारी येतात. ते काय म्हणतील?"

"त्यांना दिवस गेले असतील तर वाचतील."

"तोंड सांभाळून बोल. आणि डाळिंबाची बाजू झाकली गेली त्याचं काय?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. बागेला बाजू हवीच. शेवटी तक्ता सरळ झाला आणि भिंगानं तोच मजकूर पुठ्ठ्यावर लिहून संडासाच्या दाराला आतून ठोकला. सासऱ्यांना वाटलं, आपण जिंकलो. भिंगानं वाद घातला नाही. जिथं पहिल्यांदा दिसतं तिथंच कागद असलेला बरा.

पुढच्या बहाराला एका सकाळी रेडिओ मागच्या संडासातून आली आणि बोलायचीच बंद झाली. दहा मिनिटं शेडमध्ये नुसता फळांचा आवाज. भिंगानं तिच्याकडं फळासारखं बघितलं.

"किती दिवस?"

"आत्ताच," रेडिओ म्हणाली. "वहिनी, रक्त दिसलंय. तिसरा लागलाय."

मोठ्यानं म्हणाली. सासरे छताकडं बघायला लागले. आता त्यांना त्याची सवय झाली होती. कात्री पिशव्या घेऊन आत येत होता, त्यानं खिशात हात घातला, आधी कात्री निघाली, मग फोन. "डॉक्टरला लावू?"

"माणसांच्या!" अकरा बायका एकदम ओरडल्या.

पाच मिनिटांत टेंपो निघाला. रेडिओचं रक्त दोन दिवसांनी थांबलं. पोट राहिलं. सातव्या महिन्यात ती पोट पुढं काढून शेडमध्ये बसायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. भिंग तिच्या वाटणीचे क्रेट उचलायची. कधी कधी एखादं फळ हातात घेऊन ती उगाच फार वेळ फिरवत राहायची, आणि ते स्वच्छ फळ डावीकडच्या क्रेटमध्ये पडायचं. ते कुणी पुन्हा उचलून बघत नसे.

एका दुपारी सासूबाई संडासातून बराच वेळ बाहेर येईनात. भिंग बघायला गेली. दार उघडंच होतं आणि सासूबाई दारामागच्या पुठ्ठ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"वाच जरा," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायका वाचून येतात. मलाच माहीत नाही काय लिहिलंय."

भिंगानं वाचलं. रक्त. घडी. गाठी, पिशवीत. सासूबाई मान हलवत होत्या, चूल फुंकताना हलवतात तशी. "ताप भरला," भिंग वाचत गेली, "किंवा वास यायला लागला तर..."

"थांब."

भिंग थांबली.

"वासाचं पुन्हा वाच."

तिनं वाचलं.

"नऊ दिवस," सासूबाई म्हणाल्या. "मी अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. सगळ्यांना सांगितलं, गाय आजारी आहे, तिच्यापाशी झोपते. मला वाटायचं मीच घाण आहे. दिवसातून चारदा अंग धुवायचे." त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, नेमकं त्या ओळीवर. कुठली ओळ ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. "त्यानंतर मला काही राहिलंच नाही. तुझा नवरा एकटाच झाला तो त्याच्या आधीचा. तुझ्या सासऱ्यांनी गावभर सांगितलं, हिचं झाड वांझ झालं."

बाहेरून सासरे ओरडले, "अगं, कुठं मेल्या दोघी? काटा थांबलाय!"

"आलो," सासूबाई म्हणाल्या. पण हलल्या नाहीत. पदरानं पुठ्ठ्यावरची धूळ पुसली, वरपासून खालपर्यंत, अक्षरं फिसकटणार नाहीत अशा बेतानं.

"गाय खरंच आजारी आहे असं वाटलं त्यांना," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आणला होता. गायीला."